हिरीच्या दगडाला जनाबाईचं तोंड

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज एका बाईंनी मला आर्टिस्ट म्हटलं. सव्वीस वर्षं किन्हवलीत चित्रकला शिकवतोय, पण गावाच्या लेखी मी ड्रॉइंगवाला मास्तरच. शाळेच्या आवारात मी एकदा सिमेंटचं हरीण केलं होतं, त्याला मुलं गाढव म्हणतात. म्हणू देत.

आटगावजवळ दगडी शिल्पांचं शिबिर भरलंय. त्यासाठी जॉर्जिया नावाच्या देशातून केतेवान नावाच्या बाई आल्यात. वय अडुसष्ट, केस पांढरेशुभ्र, बोटं सांध्यांपाशी सुजलेली, आणि तोंडात सतत सिगारेट. संयोजकांना इंग्रजी आणि इथली बोली दोन्ही येणारा माणूस हवा होता. शिवाय बाईंचं जीवन आणि त्यांची सार्वजनिक कामं यांवर एक पुस्तिका लिहायची आहे. ती मी लिहिणार. मुखपृष्ठावर लेखक म्हणून माझं नाव येईल, असं संयोजक स्वतः म्हणाले. धनेश एवढंच छापायचं की आडनावासकट, याचा मी येताना एसटीत बसून विचार केला. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर देवकी म्हणाली, आधी हात धुवा.

१६ जानेवारी, गुरुवार

पुस्तिकेसाठी बाईंना विचारून घेतलं. जन्म कुतैसी गावचा. वडील रेल्वेत. सोव्हिएत काळात त्यांना पहिलं मोठं काम मिळालं, चहाची पानं खुडणाऱ्या बाईचा पुतळा, बारा फूट उंच. सरकार बदललं तेव्हा लोकांनी तो पाडला. चौथरा अजून आहे, त्यावर एक म्हातारी सूर्यफुलाच्या बिया विकते. बाई हे सांगताना हसत होत्या. मग एका गावात लोकर धुणाऱ्या बायांचं कारंजं. आणि डोंगरातल्या एका खेड्यात बर्फाखाली गेलेल्या माणसांची आठवण म्हणून फक्त एक लांब दगडी बाक. बाईंना ते बाक सगळ्यांत आवडतं, कारण लोक त्यावर बसून भांडतात.

जेवायला आपली तांदळाची भाकरी दिली. त्यांच्याकडे मक्याची करतात म्हणे, मचादी म्हणतात. दोन हातांनी थापून दाखवली तशीच. संयोजकांच्या घरच्या बाया खूश झाल्या. आता सगळे त्यांना केतूबाय म्हणतात.

१९ जानेवारी, रविवार

हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

केतूबायना इथे करायचं काम म्हणजे हिरीचं स्मारक. मुरबाडच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी जी वाडी आहे, तिथली ही हिरी सुईण. चाळीस वर्षं पाड्यापाड्यांतून चालत जाऊन तिने बाळंतपणं केली. पस्तीस वर्षांपूर्वी गेली. वाडीला जाणाऱ्या फाट्यावर तिचा दगड उभा राहणार. वाडीने एकमताने मागितला तो. अडचण अशी की हिरीचा फोटो नाही. एकही नाही.

म्हणून आज आम्ही वाडीत गेलो. पारू म्हणून सगळ्यांत वडील बाई आहे, नव्वदीची, वाडीत तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. ती सहज म्हणाली, हिरीचं तोंड बघायचं तर जनाला बघा, भाची हुबेहूब आत्यावर गेली आहे. जनाबाई सत्तरीची असेल. गालाची हाडं वर आलेली, खालचा ओठ जरा पुढे. ती धवलेरी आहे, म्हणजे लग्नातली गाणी गाणारी. वाडीतली आणि आसपासच्या पाच पाड्यांतली लग्नं तिच्या गाण्याशिवाय लागत नाहीत. केतूबायनी तिला पाहिलं आणि सिगारेट विझवली.

मग त्या मला म्हणाल्या, हिला नीट समजावून विचारा. हिरीच्या दगडाला हिचा चेहरा देऊ का? तो दगड इथेच राहणार, लोक तिथे येणार. हिला चालेल का? नाही म्हणाली तर मी दुसरं काही करीन.

जिवंत माणसाच्या फोटोला आपण चुकूनही हार घालत नाही, आणि इथे मेलेल्या बाईच्या दगडाला जित्या बाईचं तोंड. कोण हो म्हणेल? ती नाही म्हणाली असती, मग वाडी बिथरली असती, मग स्मारकच राहून गेलं असतं. हे सगळं मी दोन क्षणांत ठरवलं. आणि जनाबाईला म्हटलं, ह्या बाईंना इथल्या बायांचे चेहरे करायचेत, मातीचे, त्यांच्या देशात नेणार आहेत, तुमचा करू का?

जनाबाई हसली. म्हणाली, न्या बापडे, माझं तोंड इमानात बसंल. केतूबायनी विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, तिला अभिमान वाटतो.

हे मी कामासाठी केलं. काम मोठं आहे.

२५ जानेवारी, शनिवार

पाच दिवस जनाबाई आंब्याखाली बसली. केतूबाय मातीचं डोकं करतात, मी माती भिजवून देतो. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी बोलत असतात. जनाबाई गाणं गुणगुणते, केतूबाय त्याच चालीवर बोटं फिरवतात.

आज चेहरा पुरा झाला. जनाबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, माझं तोंड आत्यावानीच दिसतंय की. मी मातीची बादली उचलून विहिरीकडे गेलो. बादलीत पाणी अजून पुष्कळ होतं.

संध्याकाळी देवकीला गंमत म्हणून चेहऱ्याची हकिगत सांगितली. ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, "जनाबाईंना सांगितलंत ना तुमी, दगड कुठं लागनार ते?" मी म्हटलं, सांगतो सवडीने. ती भाजी तशीच टाकून आत गेली. उन्हामुळे डोकं दुखत असावं तिचं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दगड आला. काळा पाषाण, माणसाएवढा. केतूबाय ग्राइंडर फक्त वरवरच्या कामाला वापरतात, चेहऱ्याला छन्नीच. दर चार घावांनंतर थांबून फुंकर मारतात. मी बाजूला उभा राहून धूळ खातो. आज त्यांनी मला कानामागचा भाग करू दिला. झालं नीट. त्या म्हणाल्या, तुमच्या हातात जागा आहे. म्हणजे काय ते मी विचारलं नाही, पण दिवसभर त्यावरच जगलो.

देवकीने परत विचारलं. मी चिडलो. म्हटलं, तुला शिल्पातलं काय कळतं. ती म्हणाली, शिल्पातलं नाय कळत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पुस्तिका छापायला गेली. सोळा पानं, मराठी नि इंग्रजी दोन्ही. तेराव्या पानावर मी लिहिलंय, 'हिरीच्या चेहऱ्यासाठी तिची भाची जनाबाई हिने आनंदाने संमती दिली.' प्रूफ तपासताना ते वाक्य तीनदा वाचलं. काढून टाकलं असतं तर केतूबायनी विचारलं असतं, का काढलं. ठेवलं.

खरं लिहायचं तर सांगायची संधी कालच होती. जेवताना केतूबाय म्हणाल्या, इतक्या वर्षांत त्यांनी लोकांच्या चौकात पुष्कळ दगड उभे केले, पण प्रत्येक वेळी कुणालातरी विचारायचं राहून गेलं. कधी त्या गावाला, कधी ज्या माणसाचा पुतळा त्याच्या घरच्यांना. या खेपेला मात्र सगळं विचारून झालं, म्हणून बरं वाटतं. डॉक्टरांनी बोटांमुळे दगड बंद करायला सांगितलाय, हा बहुतेक शेवटचा. मी म्हटलं, हो, छान झालं.

मी वाईट माणूस नाही असं मला वाटत होतं. आता खात्री नाही.

८ मार्च, शनिवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

फाट्यावर मांडव. दगडावर पांढरी चादर. सगळी वाडी आलेली, शहापूरहून, मुरबाडहून पाहुणे. गाणं म्हणायला जनाबाईच. मला हे आधी कळलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा ती चादरीशेजारी उभी राहून गायला लागली होती. हिरीच्या नावाचं गाणं, तिनेच रचलेलं. मी पुढे होऊन तिला थांबवू शकलो असतो. मी मंचावर केतूबायच्या बाजूच्या खुर्चीत बसलो होतो.

पारूने चादर ओढली. जनाबाईचं गाणं मध्येच थांबलं.

आधी कुणाला उमगलं नाही. बायांनी हार घातला, दिवा लावला, पितरांना ठेवतात तसं भाताचं पान ठेवलं. मग कुजबुज सुरू झाली. लोक दगडाकडे बघायचे, मग जनाबाईकडे. तिचा नवरा भिमा पुढेच उभा होता. त्याने दगडाला नमस्कार करायला टोपी काढली होती, ती घालायचं विसरून तो बायकोकडे बघत राहिला. हार जनाबाईच्याच गळ्यात होता, दिवा तिच्याचपुढे, पान तिच्याचसाठी. आणि ती जिती, हिरव्या बांगड्या घालून, बाजूला उभी.

केतूबायना यातलं काही कळलं नाही. त्या जाऊन जनाबाईला मिठी मारून आल्या. जनाबाईचे हात खालीच राहिले.

पारू काठी टेकत माझ्याकडे आली. "मास्तर, या बाईनं न इचारता जित्या जनाचं तोंड मेलेलीला का लावलं?"

तिथेही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "त्यांना आपल्यातलं कळत नाही, आजी. त्यांनी मलाही विचारलं नाही."

केतूबायनी माझ्या दंडाला हात लावून विचारलं, ही काय म्हणते? आणि मी इंग्रजीत म्हटलं, लोक फार भारावून गेलेत.

दोन वाक्यं. दोन्ही माझ्याच तोंडून, एकामागून एक, अडखळलो पण नाही. इंग्रजीचा मला केवढा अभिमान होता.

देवकी बायांच्यात बसली होती. परतीच्या जीपमध्ये ती मागच्या सीटवर जाऊन बसली.

११ मार्च, मंगळवार

केतूबाय गेल्या. त्यांनी मला त्यांची एक छन्नी दिली. घ्यायला नको होती, घेतली. म्हणाल्या, दगडाभोवती लोक बसायला लागले की फोटो पाठवा.

३० मार्च, पाडवा

मुरबाडला काम काढून गेलो आणि फाट्यावर उतरलो. दगडाभोवती कुणी बसत नाही. लोक पलीकडच्या बाजूने जातात. बायांना तर त्या चेहऱ्याकडे बघायचंच नसतं. गळ्यातला हार वाळून काळा पडलाय, पण काढणार कोण? मी हात पुढे केला आणि मागे घेतला. पुढच्या गाडीने परत आलो. देवकीला म्हटलं, मुरबाडला गर्दी होती.

पुस्तिकेचे गठ्ठे कपाटावर पडलेत. मुखपृष्ठावर आडनावासकट नाव आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

आज देवकीने सांगितलं. तिला आठवडाभर माहीत होतं, मी विचारीन म्हणून ती थांबली होती. मी विचारलं नाही.

वाडीतल्या सोनालीचं लग्न ठरलंय, मेच्या पहिल्या आठवड्यात. सोनाली जनाबाईच्या बहिणीची नात. तिच्या आईचं लग्न जनाबाईने लावलं, आजीचंही. पण सोनालीच्या हळदीला जनाबाईला बोलावलेलं नाही. दुसऱ्या पाड्यातली कमळ नावाची धवलेरी आणणार आहेत. ज्या बाईच्या तोंडापुढे दिवा लागला, पान ठेवलं गेलं, तिने नवरीच्या हळदीला गायचं कसं? एप्रिलमधली तीन लग्नं तिच्याशिवायच लागली.

कुणी तिच्याशी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त बोलावणं बंद झालं.

मी विचारलं, आणि जनाबाई काय म्हणते? देवकी म्हणाली, "ती काय म्हननार? तिला वाटतंय केतूबायनं फसवलं. एवढी मिठी मारून गेली नि फसवलं, असं म्हनत्ये." मग तिने पोळपाट भिंतीला टेकवून ठेवला आणि अंगणात गेली.

१९ एप्रिल, शनिवार

दोन दिवस शाळेत मुलांना निसर्गचित्र काढायला लावून खिडकीत बसलो. लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं, ते आता मला कळतंय. कान तापतात, आणि मग घरी येईपर्यंत माणूस स्वतःशी कारणं मोजत राहतो. स्मारकासाठी केलं, वाडीसाठी केलं, जनाबाईला वाईट वाटू नये म्हणून केलं. प्रत्येक कारण घरच्या पायरीपाशी संपतं.

२१ एप्रिल, सोमवार

केतूबायचा व्हिडिओ कॉल आला. फोटो का पाठवले नाहीत? मी म्हटलं, थोडा गैरसमज झालाय. जनाबाईला तुमचं बोलणं नीट कळलं नव्हतं बहुतेक, इथल्या रिवाजाप्रमाणे जिवंत माणसाचा चेहरा अशुभ धरतात, तिला लग्नात गायला बोलवत नाहीत.

केतूबायनी सिगारेट विझवली. मग म्हणाल्या, चूक माझी. मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. तुमच्याकडे माझी छन्नी आहे ना? चेहरा काढून टाका. कपाळापासून सुरुवात करा, नाकावर मारू नका, दगड फुटेल. मी सांगते तसं करा. आणि तो त्यांचा शेवटचा दगड होता. सुजलेली बोटं कॅमेऱ्यासमोर धरून त्या मला कोन दाखवत होत्या, छन्नी किती तिरपी धरायची त्याचा.

मला ते बघवेना. मी सगळं सांगितलं. तिला काय म्हटलं, तुम्हाला काय म्हटलं, पारूला काय म्हटलं. इंग्रजी अडखळलं या वेळी.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिचं गाणं अजून बंद आहे?"

मी हो म्हटलं.

"मग मला कशाला सांगताय?" आणि फोन ठेवला.

२७ एप्रिल, रविवार

सहा दिवस लागले. आज वाडीत गेलो.

जनाबाई ओट्यावर पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत होती. समोर मोठा ढीग. सोनालीच्या लग्नासाठी. ज्या लग्नात गायचं नाही त्या लग्नाच्या पत्रावळी ती टाचत होती, कारण त्या कामाला कुणी नको म्हटलं नव्हतं. भिमा आत खोकत होता.

मी उभ्याउभ्या सांगितलं. केतूबायने विचारायला सांगितलं होतं, मी विचारलं नाही, मी खोटं सांगितलं, त्यांचा दोष नाही. जनाबाईने हातातली पत्रावळ पुरी केली, ढिगावर ठेवली आणि मग विचारलं, "का नाय इचारलं?"

मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणाला असतात. जित्या माणसाचं तोंड कोण देतं?

"किन्हवलीत देत नसतील," ती म्हणाली. "आमच्या वाडीत देतात. आजीच्या दगडाला माझ्या मावशीनं दिलेलं. रीत हाये तिला. आदी सुपारी ठेवत्यात, मोठीला इचारत्यात, जी तोंड देत्ये तिची वटी भरत्यात, दगडाचीबी भरत्यात. मग हार घालत नाय नि पान ठेवत नाय ती मरंपरयंत. फुलं पायाशी. एवढंच. तुमी इचारलं असतंत तर हो म्हनली असती मी. आत्यानं नाळ कापलेली माझी."

मी ओट्याच्या कडेला बसलो.

म्हणजे नको म्हणायचं कुणाच्या मनातही नव्हतं. मीच ठरवलं, तिच्या वतीने. इथून वाडी वीस मैलांवर, आणि 'त्यांना आपल्यातलं कळत नाही' असं मी त्या परदेशी बाईबद्दल पारूला सांगितलं. केतूबायना कळत नव्हतं म्हणून त्यांनी विचारायला सांगितलं होतं. मला कळतं असं वाटत होतं म्हणून मी विचारलं नाही. हे लिहितानाही कान तापलेत.

मी माफी मागितली. जनाबाईने पुढचं पान घेतलं. म्हणाली, "मला सांगून काय उपेग? बायांना सांगा. येत्या शनवारी हळद हाये. तिथं या नि सांगा."

हळदीला? मी म्हटलं, तिथे सगळ्या बायाच असतील. ती म्हणाली, म्हणून तर.

१ मे, गुरुवार

पारूला जाऊन सांगावं आणि तिने बायांना सांगावं, असा एक मार्ग सुचला. पत्र लिहूनही देता येईल, ते कुणीतरी वाचेल. देवकीला विचारलं. ती म्हणाली, "तुमचं तोंड तुमच्याजवळ हाये ना?" हे ती रागाने म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं.

३ मे, शनिवार

दुपारी चारला वाडीत पोचलो. देवकी बरोबर होती, न सांगता आली. मांडवात पन्नास-साठ बाया, मध्ये पाटावर सोनाली, हळदीचं ताट, आणि बाजूला कमळ गायच्या तयारीत. नवऱ्याकडच्या बायाही उष्टी हळद घेऊन नुकत्याच आल्या होत्या. जनाबाई मांडवाच्या बाहेर, चुलीपाशी. मी आत शिरलो तशा बाया गप्प झाल्या. पुरुष तिथे जात नाहीत.

मी सुरुवात केली, 'आदरणीय माता-भगिनींनो'. पारू म्हणाली, "सभा नाय ही. सांगा काय ते."

मग सांगितलं. केतूबायने विचारायला सांगितलं, मी विचारलं नाही. जनाबाईला खोटं सांगितलं, केतूबायला खोटं सांगितलं. दगड उघडल्यावर केतूबायवर ढकललं. जनाबाईला काही ठाऊक नव्हतं. एवढ्या वाक्यांना किती वेळ लागला कोण जाणे.

पारूने विचारलं, का केलंत? वाडीसाठी, स्मारकासाठी, हे सगळं जिभेवर आलं होतं. समोर देवकी उभी होती. मी म्हटलं, "पुस्तकावर माझं नाव येणार होतं."

एक बाई हसली, मग थांबली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि त्यातही एक गोष्ट लिहून ठेवायला हवी, की आतून थोडं हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीही लाज वाटली.

पारूने सुपारी मागवली. एका रिकाम्या पाटावर तांदूळ पसरून त्यावर ठेवली. म्हणाली, ज्यानं मोडली त्यानं कबूल केलं की रीत मागाहूनबी होत्ये. चुलीपाशी जाऊन दोन बायांनी जनाबाईला आत आणलं, वेगळ्या पाटावर बसवलं आणि नारळ, तांदूळ, खण घालून तिची ओटी भरली. मग चारपाच जणी फाट्यावर गेल्या. आधी वाळलेला हार काढला, तो नदीत सोडायला दिला, आणि दगडाचीही ओटी भरली, पायाशी. मी मागून चालत होतो. हार उचलायला पुढे झालो तर पारूने काठी आडवी धरली. तुमी नको, म्हणाली. बरोबर होतं तिचं.

परत आलो तेव्हा कमळने सरकून जागा दिली होती. जनाबाई बसली. घसा साफ केला आणि गायला लागली. दोन महिन्यांनी. आवाज सुरुवातीला फाटला, मग लागला. सोनालीची आई पदराने डोळे पुसत होती.

हळदीची गाणी अशीच असतात, विचारायचं आणि उत्तर द्यायचं. हळद कुणी लावली, आईनं लावली. पाणी कुणी आणलं, करवलीनं आणलं. घरातल्या एकेकाचं नाव घेतात, थट्टा करतात, बाया मागून म्हणतात. चार कडवी झाली. मग जनाबाईने माझ्याकडे न बघता पाचवं म्हटलं:

"कुनी चोरलं गो तोंड, मांडवाच्या दारी?
किनवलीच्या मास्तरानं चोरलं गो, मांडवाच्या दारी."

मांडव हसून फुटला. बायांनी ओळ उचलली, टाळ्यांवर. देवकीही म्हणत होती, आणि मोठ्याने. पारू माझ्या कानाशी म्हणाली, एकदा गान्यात आलं की आमी काढत नाय. म्हणजे पुढच्या लग्नात, त्याच्या पुढच्याही. मी निघून जाऊ शकलो असतो. कुणी अडवलं नसतं. मी खांबाला धरून उभा राहिलो.

नवऱ्याकडची एक जाडजूड बाई माझ्या शेजारी टाळ्या वाजवत होती. तिला ती ओळ फार आवडली होती. घरी जाऊन म्हणायची म्हणून ती शब्द पाठ करत होती. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं. मग दम घ्यायला थांबली आणि मला विचारलं, "हा मास्तर कोन वो? वळखता काय तुमी?"

मी म्हटलं, "मीच."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पदर तोंडाला लावून हसली. मग मला म्हणाली, जरा बाजूला व्हा, मागच्या बायांना दिसू द्या. मी बाजूला झालो, आणि सगळ्यांनी मला बघितलं.